सोफ्याची चौथाई : नवख्या मांजरवाल्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांच्या घरात मांजर नुकतंच आलं आहे आणि सोफा अजून धड आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. मांजर येऊन वर्ष उलटलेल्यांना यात नवं काही सापडणार नाही. त्यांनी फार तर नखं कापण्याचा भाग वाचावा आणि बाकीच्यावर ‘आम्हाला काय सांगता’ असं म्हणून पान उलटावं.

सुरुवातीला पात्रता तपासून घ्या. तुमचं घर म्हणजे फ्लॅट असावा. गॅलरीला कबुतरांची जाळी लावलेली असावी, म्हणजे मांजर बाहेर जाऊ शकत नाही, कबुतर आत येऊ शकत नाही आणि दोघं दिवसभर एकमेकांचा अभ्यास करत बसतात. हॉलमध्ये तीन माणसांचा सोफा असावा, शक्यतो दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला आणि हप्ते अजून चालू असलेला. घरात एक व्यक्ती अशी हवी, जिने ‘आणायचं तर आणा, पण मी हात लावणार नाही’ असं जाहीर केलेलं आहे. हीच व्यक्ती पुढे सकाळी सहाला उठून मांजराची बशी भरते, तेव्हा पुढच्या सगळ्या कामांत तिलाच धरा. मांजराचं नाव काहीही चालेल. मुलांनी मोची, सिंबा किंवा लूना ठेवलेलं असतं आणि आजी त्याला ‘मने’ म्हणते. बोका असला तरी.

एवढी सामग्री जमली असेल तर पुढे चला.

पाठ पहिला : आधी नीट बघा

सोफ्याकडून ‘चर्र, चर्र’ असा आवाज आला की नवखा माणूस हातातलं काम टाकून ‘ए! हट! हट म्हटलं ना!’ करत धावतो. मांजर पलंगाखाली जातं, माणूस स्वयंपाकघरात जातो, मग पुन्हा चर्र. तुम्ही धावू नका. एकदाच, फक्त एकदाच, सोफ्यावर उदार होऊन सगळा प्रकार शेवटपर्यंत बघा.

मांजर झोपेतून उठतं. जांभई देतं. मग ठरवून सोफ्याच्या हाताशी जातं, मागच्या पायांवर उभं राहतं, पुढचे पंजे पोचतील तितके वर नेतं, बोटं फाकवतं, नखं कापडात रुतवतं आणि अंगाचा सगळा भार टाकून खाली ओढतं. उजवा पंजा, डावा, पुन्हा उजवा. मानेपासून शेपटीपर्यंत सगळं शरीर ताणलं जातं. मग थांबतं, ओढून काढलेल्या दोऱ्यांचा एकदा वास घेतं आणि काम संपल्यासारखं निघून जातं. यात राग नाही, सूड नाही, तुम्ही काल त्याला मासा दिला नाही याचा संबंध तर अजिबात नाही.

आता वाकून तो भाग जवळून बघा. उसवलेल्या दोऱ्यांत एखादं पारदर्शक, पोकळ, कोयरीच्या टोकासारखं टरफल अडकलेलं दिसेल. घरातलं लहान मूल ते बघून रडायला लागतं, कारण त्याला वाटतं मांजराचं नख तुटलं. तुटलेलं नसतं. मांजराचं नख थरावर थर असं वाढतं. वरचा थर जुना झाला की त्याची साल निघते आणि खालून नवं, सुईसारखं टोक बाहेर येतं. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी साधारणपणे अठरा नखं असतात. मागच्यांच्या साली मांजर दातांनी ओढून काढतं, पण पुढच्या दहांसाठी त्याला काहीतरी खरखरीत लागतं. ते टरफल मुलाला डबीत ठेवायला द्या, रडणं थांबतं.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मांजराच्या पंजात, बोटांच्या मध्ये, गंधग्रंथी असतात. कापड ओढताना त्यांचा वास कापडाला लागतो. आपल्याला तो येत नाही, मांजराला येतो. म्हणजे ओरखडा ही दुहेरी नोंद झाली, एक दिसणारी आणि एक हुंगायची. म्हणूनच मांजर आतल्या खोलीतली मोडकी खुर्ची सोडून हॉलमधला सोफाच धरतं. जिथून सगळे जातात-येतात, जिथे घरातल्या प्रत्येकाचा वास बसलेला आहे, दारातून शिरताच जे समोर दिसतं, तिथेच नोंद करण्यात अर्थ. आपणही नावाची पाटी बाहेरच्या दारावर लावतो, संडासाच्या नाही.

जुन्या वाड्यात हा प्रश्न कोणाला पडला नाही. ओसरीला लाकडी खांब होते, माजघरात धान्याची पोती होती, पडवीत सुंभाने विणलेली बाज होती, परसात आंबा नाहीतर शेवगा होता. मांजर त्यातलं हवं ते ओरबाडत होतं आणि कोणी मान वर करून बघत नव्हतं. मांजर घरचं होतं, पण घरात कोंडलेलं नव्हतं. चोवीस तास आत राहणारं मांजर ही तशी अलीकडची रीत आहे. अमेरिकेत एडवर्ड लो नावाच्या माणसाने 1947 साली मांजरांच्या शीसाठी मातीचे दाणे विकायला काढले आणि मांजराचं बाहेर जाण्याचं मुख्य निमित्त संपलं. पुढे आपण फ्लॅटमध्ये आलो. खांब भिंतीत चिणले गेले, पोत्यांच्या जागी प्लास्टिकचे डबे आले, बाज गेली, कपाट लोखंडी झालं, फरशी इतकी गुळगुळीत की मांजर वळणावर घसरतं. अख्ख्या घरात नख रुतेल अशी एकच वस्तू आपण शिल्लक ठेवली, तीही हप्त्यांवर घेतलेली. आणि मांजराने नेमकी तीच कशी निवडली म्हणून आपण चकित होतो.

पाठ दुसरा : तहाची तयारी

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात चौथाई आणि सरदेशमुखी हे शब्द होते, आठवतात का? चौथाई म्हणजे मुलखाच्या महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे वर आणखी दहावा. तो नियमाने पोचला की त्या मुलखाला स्वाऱ्यांचा उपद्रव नाही. नाही पोचला की घोडी आलीच. 1719 साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. दिल्ली दरबाराला त्यात आनंद झाला असेल असं नाही. पण न देणं जास्त महाग पडत होतं, हे दरबाराला उशिरा का होईना, कळलं होतं.

तुमच्या हॉलमधला दिल्ली दरबार तुम्ही आहात. गॅलरीच्या उंबऱ्यावर शेपटी पायांभोवती गुंडाळून जे बसलं आहे, त्याला तुमचं तख्त नको, अख्खा सोफाही नको. त्याला हिस्सा हवा आहे आणि तो ते घेणार आहे. मांजराचं ओरबाडणं कायमचं बंद करण्याचा उपाय या मार्गदर्शिकेत नाही. ज्या मार्गदर्शिकेत तो असतो, तिच्या लेखकाकडे कुत्रा असतो. ओरबाडणं ही खोड नाही, ते मांजराचं रोजचं काम आहे. त्यामुळे ठरवायचं ते इतकंच, की हिस्सा सोफ्यातून द्यायचा की दुसरीकडून.

हे मान्य होईपर्यंत पुढच्या पाठाला हात लावू नका. मान्य होत नसेल तर तिसरा पाठ आहेच, सगळे त्यातून जाऊन येतात.

पाठ तिसरा : जे सगळे करून बघतात

ओरडून बघतात. मांजर त्यातून एवढंच शिकतं की हा माणूस समोर असताना ओरबाडायचं नाही. रात्री दोन वाजता हा माणूस समोर नसतो. त्यातून मांजर दिवसभर एकटं, कंटाळलेलं असेल तर उलटंच होतं. एक चर्र केलं की मीटिंगमधला माणूस लॅपटॉप सोडून धावत येतो, हा शोध लागल्यावर ते दर मीटिंगला चर्र करतं.

इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन फवारतात. परिणाम वरचाच, शिवाय सोफा ओला. आणि काही दिवसांनी मांजर सोफ्याला नाही, बाटलीवाल्याला टाळायला लागतं. बाटलीवाला मग आठवडाभर दुखावलेला असतो.

सोफ्यावर चादर टाकतात. हा आपला राष्ट्रीय उपाय आहे, पाहुणे येईपर्यंत सोफ्याचा रंग कोणालाच दिसू नये अशी आपली रीतच आहे. मांजर चादरीच्या खालून शिरतं. आता त्याला ओरबाडायला सोफा आहे आणि वरून छप्परही आहे.

संत्र्याची सालं ठेवतात. लिंबू-संत्र्याचा वास बहुतेक मांजरांना नकोसा असतो, हे खरं. नागपुरी संत्र्यांच्या हंगामात दोन दिवस बरे जातात. मग सालं वाळतात, मांजर ती फरशीवर घरंगळवून खेळतं आणि सोफ्यात मुंग्या होतात.

दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप हा यातला त्यातल्या त्यात खरा उपाय. पंजाला चिकटलेलं मांजराला सहन होत नाही. पण आपल्याकडच्या धुळीत तिचा चिकटपणा आठवडाभर टिकतो. तेवढ्यात तिच्यावर केस, पिठाची भुकटी आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पँटचे दोरे जमा होतात. तरी टेप घेऊन ठेवा. पुढच्या पाठात तिचं काम आहे, पण तात्पुरतं.

आता विनोद बाजूला ठेवून एक गोष्ट. कोणीतरी शेजारी नक्की सुचवेल की सोफ्याच्या फटीत डांबरगोळ्या टाका, कापूर ठेवा, निलगिरीचं तेल शिंपडा. यातलं काहीही करू नका. डांबरगोळ्या आणि कापूर मांजरासाठी विषारी आहेत. निलगिरी, टी-ट्री, संत्र्या-लिंबाचं अर्क-तेल हेही तसंच. मांजर पंजे चाटतं, म्हणजे जे सोफ्याला लागलं ते पोटात गेलं. तिखटाची पूडही नको. तो पंजा नंतर तोंड पुसायला डोळ्यांवरून फिरतो.

पाठ चौथा : खांब

हा मुख्य पाठ आहे. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.

चौथाई द्यायची ती खांबाच्या रूपाने. तयार खांब दुकानात मिळतात. गुलाबी मखमलीचे, दीड फुटी, वरून स्प्रिंगला लोंबणारा गोंडा. ते माणसाला आवडावेत म्हणून बनवलेले असतात, पैसे माणूस देतो. मोठं मांजर मागच्या पायांवर उभं राहून ताणलं की दीड फूट त्याच्या छातीपर्यंत येतं. त्यावर नखं रुतवून भार टाकला की खांब मांजरासकट कलतो. एकदा खांब अंगावर आला की मांजर त्याच्याकडे पुन्हा ढुंकून बघत नाही, आणि सोफा तर कधीच पडत नाही. तेव्हा दोन गोष्टी पक्क्या धरा. उंची निदान 3 फूट, आणि हलवून हलता कामा नये.

घरी करणं अवघड नाही. चार इंची पीव्हीसी पाइपचा 3 फुटी तुकडा प्लंबरकडे मिळतो. प्लायवुडचा दोन फुटी चौकोन तळाला, त्यावर जमेल तर शहाबादी फरशीचा तुकडा, पाइपच्या पोटात वाळू. आता दोरी. नायलॉनची नको, ती घसरते आणि तिचे तंतू नखांत अडकतात. काथ्याची चालेल, सुंभ चालेल, सगळ्यांत उत्तम घायपाताच्या वाखाची. परदेशी खांबांवर ‘सिसल’ असं मिरवणारी दोरी ती हीच, आपल्याकडे घायपात बांधावर कुंपणाला उभं असतं. जाडी 8 मिलिमीटरच्या आसपास. किती लागेल? त्या पाइपवर एका वेढ्याला साधारण 37 सेंटिमीटर दोरी जाते, आणि 90 सेंटिमीटर उंची भरायला शंभराच्या वर वेढे लागतात. म्हणजे 40 मीटरहून जास्त. लोक दहा मीटर आणतात, गुडघ्याएवढा खांब गुंडाळतात आणि मग मांजराला दोष देतात.

पुण्यात असाल तर बोहरी आळीत जा. संवाद साधारण असा होतो.

“काका, काथ्याची दोरी. बेचाळीस मीटर.”

“विहिरीला?”

“नाही, मांजराला.”

“बांधायला?”

“ओरबाडायला.”

काका दोरी मोजायला लागतात. वीसेक मीटर झाल्यावर, मान खालीच ठेवून, म्हणतात, “आमच्याकडचं पोत्यावर करतं.”

हा माणूस तज्ज्ञ आहे. त्याच्याकडून एक-दोन रिकामी गोणपाटं मागून घ्या.

गुंडाळायला दोन माणसं लागतात, एक पाइप फिरवायला आणि एक दोरी ताणून धरायला. सुरुवातीला, शेवटाला आणि मधूनमधून फेव्हिकॉल. वेढे घट्ट, एकमेकांना चिकटून. सैल वेढा पहिल्याच ताणात घसरतो. तिसरा मदतनीस न बोलावता येतो आणि दोरीच्या सरपटणाऱ्या टोकावर झडप घालतो. त्याला हाकलू नका. ज्या वस्तूशी ते गुंडाळतानाच झटापट करतं, ती त्याची झाली.

आता खांब ठेवायचा कुठे? घरातलं पहिलं मत येतं, ‘ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे.’ दुसरं येतं, ‘ईशान्येला नको.’ दोन्ही मतं ऐकून घ्या आणि खांब सोफ्याच्या त्याच हाताला खेटून ठेवा, जो हात फाटत चालला आहे. पहिल्या पाठातली दुहेरी नोंद आठवा. वॉशिंग मशीनच्या मागे नोंद करून मांजराला काय मिळणार? तिथे कोण येतं? खांब हॉलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांवर येईल असाच हवा. तो सुंदर दिसत नाही, मला मान्य आहे. पण दोरे निघालेला सोफाही दिसत नाही, आणि खांब सोफ्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. मांजर जिथे झोपतं त्याच्याजवळ दुसरा ठेवता आला तर आणखी बरं, कारण उठल्याउठल्या ताणण्याची हुक्की सगळ्यांत जोरदार असते.

आता सोफ्याच्या हाताला ती टेप लावा. एकीकडे चिकट, शेजारी दोरी. निवड मांजरावर सोडा.

मांजराचे पंजे धरून खांबावर घासून ‘हे बघ, इथे करायचं’ असं शिकवू नका. हे हमखास केलं जातं, बहुतेक वेळा आजोबांकडून. धरलेलं मांजराला आवडत नाही आणि ती नावड खांबाच्या खात्यावर जमा होते. त्याऐवजी एक सुतळी खांबावरून वर सरकवत न्या. झडप घालताना नखं आपोआप रुततात. रुतली की लगेच बक्षीस, उकडलेल्या कोंबडीचा बिनमिठाचा तुकडा. सुकट मिळाली तर मांजर तुमच्या नावाने जप करील, पण ती खारट असते, चिमूटभरच. घर कडक शाकाहारी असेल तर कोंबडी कोण उकडणार यावर दोन-तीन दिवस चर्चा होईल. ती होऊ द्या. ‘मी हात लावणार नाही’ म्हणणारी व्यक्तीच शेवटी वेगळं पातेलं आणते.

कॅटनिपची वाळलेली पानं खांबावर चोळतात. बरीच मांजरं त्याने बेभान होतात, बरीच ढिम्म राहतात. लहान पिल्लांवर तर त्याचा परिणामच होत नाही. आपल्याकडे हेच काम खोकली नावाचं तण करतं. माळीकाकांनी ते मुळासकट उपटलं की सोसायटीच्या कुंपणाशी गल्लीतल्या सगळ्या मांजरांची सभा भरते आणि सगळी सभा लोळत असते.

काही मांजरं उभ्या वस्तूकडे बघतच नाहीत. ती गालिचा ओरबाडतात, दारातलं पायपुसणं ओरबाडतात. तुमचं तसं असेल तर वरचं सगळं सुतारकाम वाया. ते कष्ट करण्याआधी चार दिवस ओरखडे उभे आहेत की आडवे ते बघून घ्यायला हवं होतं. अशा मांजराला काथ्याचं जाड पायपुसणं किंवा काकांचं गोणपाट फळीवर ठोकून जमिनीवर द्या. कुरिअरच्या खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठाही चालतो.

पाठ पाचवा : नखं कापणे

खांब असला तरी नखांची टोकं अधूनमधून काढावी लागतात, दोन-तीन आठवड्यांनी. पडद्यात, मच्छरजाळीत आणि पैठणीच्या जरीत ती अडकतात म्हणून. पैठणीचं कपाट बंद ठेवा, एवढं बोलून मी तो विषय संपवतो. त्यावर आमच्या घरात अजून बोललं जात नाही.

वेळ दुपारची, जेवण झाल्यावरची. मांजर अर्धवट झोपेत हवं. माणसं दोन. एकाने मांडीवर घेऊन मानेखाली खाजवत राहायचं, दुसऱ्याने पंजा हातात घ्यायचा. अंगठ्याने बोटावर वरून आणि खालून अलगद दाबलं की आत दडलेलं नख म्यानातून निघावं तसं बाहेर येतं. खिडकीच्या उजेडात धरा. मुळाशी गुलाबी दिसतं, तिथे रक्त आणि जाणीव आहे. पुढचं टोक पारदर्शक, पांढुरकं. फक्त तेच, दोन मिलिमीटरही नाही, टचकन. फक्त पुढचे पाय. एका बैठकीत दहा नखं झालीच पाहिजेत असा नियम नाही. दोन झाली आणि शेपटी आपटायला लागली की थांबा. शेपटीचं आपटणं ही नोटीस असते, दुसरी नोटीस येत नाही.

चुकून गुलाबी भागाला लागलं तर थोडं रक्त येतं. चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरा, थांबतं. त्यानंतर दोन आठवडे मांजर तुमच्या हातात नेलकटर दिसला की कपाटावर जाऊन बसेल, मग तुम्ही तो स्वतःच्या नखांसाठी घेतला असला तरी.

नखांवर चिकटवायच्या रंगीत प्लास्टिकच्या टोप्याही मिळतात. त्या महिना-दीड महिन्यात गळतात, तोवर बघणाऱ्याला वाटतं मांजर लग्नाला निघालं आहे. मला त्या आवडत नाहीत.

आणि न्यू जर्सीत बरीच वर्षं राहिलेला एखादा भाचा व्हिडिओ कॉलवर विचारेल, “मामा, इकडे सरळ नखं काढूनच टाकायचे पूर्वी, तिकडे नाही का करत?” त्याला सांगा की त्यात नख निघत नाही, बोटाचं शेवटचं हाड कापलं जातं. माणसाचं प्रत्येक बोट शेवटच्या पेरावर तोडावं तसं. ब्रिटनमध्ये हे बेकायदा आहे, खुद्द त्याच्या शेजारच्या न्यूयॉर्क राज्याने 2019 साली त्यावर बंदी घातली, आणि आपल्याकडच्या 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याचा अवयव छाटणं हा गुन्हा आहे. मग हवापाण्यावर बोला.

पाठ सहावा : ओरखडा माणसाला असेल तर

सोफ्याचं सोडा, हा पाठ हसण्यावारी नेऊ नका. नखाने कातडी फाटली की नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा, पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार मोठी असतात. हळद, चुना, कॉफीची पूड काहीही भरू नका. मग डॉक्टरकडे जा. रेबीज मांजराकडूनही होऊ शकतो. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागू शकते, आणि रक्त आलं असेल तर लसीबरोबर दुसरं इंजेक्शनही. घरातल्या मांजराचं लसीकरण झालेलं असेल तर तो कागद बरोबर न्या आणि काय द्यायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. नंतरच्या आठवड्यांत काखेत किंवा मानेत गाठ सुजली, ताप आला, तर ‘मांजराने ओरखडलं होतं’ हे आवर्जून सांगा. बार्टोनेला नावाच्या जिवाणूचा तो संसर्ग असू शकतो. हा जिवाणू मांजरांमध्ये पिसवांमुळे पसरतो, म्हणून पिसवांचं औषध वेळच्या वेळी द्या.

पाठ सातवा : दिवाळीची साफसफाई

सगळं जमलं, असं समजू या. सोफ्यावरची टेप काढून बरेच दिवस झाले, मांजर उठतं, खांबाशी जातं, ताणतं, ओरबाडतं, निघून जातं. खांब आता बघवत नाही. मांजराच्या उंचीवर दोरीच्या झिपऱ्या सुटल्या आहेत, आतला पाइप डोकावतो आहे, खाली रोज वाखाचा भुसा पडतो. आणि दिवाळी आली.

या क्षणी सगळ्यांत जास्त सोफे जातात. माळा आवरताना कोणीतरी त्या खांबाकडे बघून म्हणतं, “हे आधी टाका बाहेर, लक्ष्मीपूजनाला माणसं येणार आहेत.” खांब भंगारात जातो. त्याच्या जागी नवाकोरा खांब येतो किंवा येतही नाही. मांजर दुपारी झोपून उठतं, जागेवर जातं, नव्या खांबाला हुंगतं. त्याच्यावर ओळखीचं काही नसतं. मग ते मान वळवून सोफ्याकडे बघतं.

झिपऱ्या निघालेला खांब खराब झालेला नसतो. तो मांजराच्या दृष्टीने आत्ताच कुठे वापरण्याजोगा झालेला असतो. सगळ्या नोंदी त्याच्यावर आहेत. तेव्हा माळ्यावरची पितळी भांडी टाका, मुलांच्या दहावीच्या वह्या टाका, खांबाला कोणाला हात लावू देऊ नका. पाइप फारच उघडा पडला असेल तर वरच्या अर्ध्या भागावर नवी दोरी गुंडाळा आणि खालचा अर्धा तसाच ठेवा. खालचा पुढच्या वर्षी बदला, वरचा जुना झाल्यावर. जुना खांब काढायचाच असेल तर नवा महिनाभर त्याच्या शेजारी उभा करा, मग जुना हलवा. काकांकडे जाल तेव्हा अर्ध्या खांबाला एकवीस मीटर पुरतात, पण बावीस सांगा. मोजताना एखादा मीटर मांजर नेतं.